माणसाचा स्वभाव की वेळ-प्रसंग? ०.३० या आकड्याचं नेमकं करायचं काय

कोरी_वही

एमए पहिल्या वर्षाला 'सामाजिक मानसशास्त्र' आणि 'व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत' हे दोन पेपर शेजारी-शेजारी आहेत, आणि दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात असं वाटतंय. व्यक्तिमत्त्वाच्या पेपरात ऑलपोर्ट, कॅटेल, आयसेंक करत गाडी पंचघटक प्रारूपावर येऊन थांबते. पाच मोठे गुणविशेष (बहिर्मुखता, सौजन्य, कर्तव्यदक्षता, भावनिक अस्थिरता, खुलेपणा), बऱ्यापैकी टिकाऊ, प्रश्नावलीने मोजता येणारे. दुसऱ्या पेपरात लगेच मिलग्रॅम, अ‍ॅश, झिम्बार्डो. हुकूम आला म्हणून दुसऱ्याला विजेचे झटके देणारे, गटासोबत मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे, बनावट तुरुंगात रक्षक झालेले लोक. तिथला सूर असा, की कुणालाही त्या खुर्चीत बसवा, तो तेच करील. मग गुणविशेष मोजायचे तरी कशाला?

नोट्समध्ये एक वाक्य आहे: "मिशेल (१९६८) यांच्या मते गुणविशेष आणि वर्तन यांतील सहसंबंध ०.३० च्या वर क्वचितच जातो. म्हणजे वर्तनाचा ९ टक्के भाग व्यक्तिमत्त्वाने आणि उरलेला ९१ टक्के परिस्थितीने स्पष्ट होतो." परीक्षेत हे असंच लिहायचं का?

दुसरा प्रश्न प्रात्यक्षिकाचा. ६० विद्यार्थ्यांकडून पंचघटक प्रश्नावली भरून घेऊन एखाद्या प्रत्यक्ष वर्तनाशी तिचा संबंध तपासायचा आहे. वर्तन म्हणून "सोमवारी पहिल्या तासाला वेळेवर आला/आली का" हे ठरलंय. इंग्रजी प्रश्नावलीचं मराठी करून वापरलं तर चालेल का? काय काय बिघडू शकतं?


सरासरीवाला

त्या वाक्याचं पहिलं अर्ध ठीक, दुसरं अर्ध चूक. आणि ही चूक बऱ्याच छापील पुस्तकांतही आहे, त्यामुळे नोट्सना दोष देऊ नका.

सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती जोडीने बदलतात ते सांगणारा −१ ते +१ मधला आकडा, आणि त्याचा वर्ग म्हणजे एकीतल्या फरकाचा किती भाग दुसरीने स्पष्ट होतो ते. ०.३० चा वर्ग ०.०९, इथपर्यंत गणित बरोबर. पण उरलेल्या ९१ टक्क्यांवर परिस्थितीचं नाव कुणी लिहिलं? त्यात मोजमापातली चूक आहे, न मोजलेले बाकीचे गुणविशेष आहेत, आदल्या रात्रीची झोप आहे, निव्वळ योगायोग आहे आणि हो, परिस्थितीसुद्धा आहे. परिस्थितीचा वाटा हवा असेल तर तो वेगळा मोजावा लागतो. वजाबाकी करून तो हाती येत नाही.

फंडर आणि ओझर या दोघांनी १९८३ मध्ये नेमकं हेच केलं. सामाजिक मानसशास्त्रातले गाजलेले प्रयोग घेतले आणि त्यांचे निकाल सहसंबंधाच्या भाषेत बसवले. घाईत असलेला माणूस मदतीला थांबतो का (डार्ली-बॅट्सन): ०.३९. भोवती किती माणसं आहेत त्यावर मदत ठरते का (डार्ली-लातानं): ०.३८. फेस्टिंगर-कार्लस्मिथ यांचा एक डॉलर-वीस डॉलरवाला प्रयोग (कंटाळवाणं काम मजेचं होतं असं खोटं सांगायला कुणाला एक, कुणाला वीस डॉलर): ०.३६. मिलग्रॅमच्या दोन अंगांसाठी ०.३६ आणि ०.४२. म्हणजे "परिस्थितीच सगळं ठरवते" हे ज्या प्रयोगांच्या जोरावर म्हणायचं, त्यांचं वजनही त्याच तराजूत ०.४० च्या आगेमागेच भरतं. मिशेल यांची ०.३० ची मर्यादा पुढे निस्बेट यांनी ०.४० वर नेली, हेही उत्तरात असू द्या. दोन्ही पारडी जवळपास सारखी आहेत. फक्त एका पारड्याचा आकडा टक्केवारीत सांगतात ("६५ टक्के लोकांनी शेवटपर्यंत झटके दिले!") आणि दुसऱ्याचा वर्ग करून ("फक्त ९ टक्के"), त्यामुळे एक भारी वाटतं.

०.३० हा आकडा डोळ्यांना किती दिसतो ते पाहायचं तर रोझेन्थाल-रुबिन यांची १९८२ ची मांडणी वापरा. २०० माणसं घ्या, १०० कर्तव्यदक्ष, १०० ढिली. एकूण निम्मी माणसं काम वेळेत करतात असं धरा. सहसंबंध शून्य असेल तर दोन्ही गटांत पन्नास-पन्नास. सहसंबंध ०.३० असेल तर पहिल्या गटात ६५ आणि दुसऱ्यात ३५. ही तफावत "किरकोळ ९ टक्के" म्हणून कुणी सोडून देणार नाही.

आता मूळ मुद्दा, आणि तुमच्या दोन पेपरांचं भांडण इथेच मिटतं. मिशेल यांच्यासमोर जे अभ्यास होते त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी प्रश्नावलीची तुलना एका प्रसंगातल्या एका कृतीशी केलेली होती. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती जमते, कारण पातेल्यातली सगळी शितं एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसाचे दिवस एका आचेवर नसतात. हार्टशॉर्न आणि मे यांनी १९२८ मध्ये हजारो शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला: परीक्षेत कॉपी, खेळात लबाडी, पैशाचा मोह असे वेगवेगळे प्रसंग. एका प्रसंगाचा दुसऱ्याशी सरासरी सहसंबंध निघाला ०.२३ च्या आसपास. निष्कर्ष काढला गेला, की प्रामाणिकपणा असा काही गुण नसतोच.

पण हाच आकडा स्पिअरमन-ब्राउन सूत्रात (अनेक प्रसंगांची सरासरी किती विश्वसनीय, म्हणजे पुन्हा मोजली तर किती तशीच येईल, ते सांगणारं सूत्र) घालून पाहा. एका प्रसंगाचा दुसऱ्याशी सहसंबंध ०.२० धरा, थोडा कमीच. k प्रसंगांच्या सरासरीची विश्वसनीयता = (k × ०.२०) ÷ (१ + (k − १) × ०.२०).

५ प्रसंग: १.० ÷ १.८ = ०.५६
१० प्रसंग: २.० ÷ २.८ = ०.७१
२० प्रसंग: ४.० ÷ ४.८ = ०.८३

एका प्रसंगात जे धुकं होतं ते वीस प्रसंगांच्या सरासरीत विरतं. एप्स्टाइन यांनी १९७९ मध्ये हे रोजच्या नोंदींवर दाखवलं. एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाशी संबंध क्षीण, पण दोन आठवड्यांच्या सरासऱ्या एकमेकींशी घट्ट. फ्लीसन यांनी २००१ मध्ये लोकांकडून दिवसातून अनेकदा नोंदी घेतल्या तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच माहितीत दिसल्या. एकच माणूस आठवडाभरात कधी अगदी बडबड्या तर कधी मुखदुर्बळ असतो, आणि तरीही त्याची या आठवड्याची सरासरी पुढच्या आठवड्याच्या सरासरीशी फार जवळून जुळते.

म्हणून परीक्षेत असं लिहा: या क्षणी हा माणूस काय करील हे विचाराल तर परिस्थिती बघा, महिनाभरात साधारण कसा वागेल हे विचाराल तर गुणविशेष बघा. दोन्ही पेपर आपापल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतात, प्रश्न मात्र वेगळे आहेत. (लेविन यांचं १९३६ चं सूत्र, वर्तन = व्यक्ती आणि परिसर यांचं फल, सगळे सुरुवातीला लिहितात आणि दुसऱ्या परिच्छेदात विसरतात.)


चहा_कटिंग

सरासरीवाल्यांशी सहमत. फक्त गाजलेल्या प्रयोगांचे आकडे लिहिताना सांभाळा, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या नोट्सवरून नोट्स उतरत आलेल्या आहेत.

अ‍ॅश: "७५ टक्के लोक गटाच्या दबावाला बळी पडले" हे अर्धसत्य. रेघांची लांबी जुळवायच्या १८ फेऱ्या होत्या, त्यांतल्या १२ मध्ये गटात बसलेले प्रयोगकर्त्याचे साथीदार मुद्दाम चुकीची रेघ सांगत. या १२ फेऱ्यांतली सुमारे ३७ टक्के उत्तरं गटाच्या बाजूने चुकली. ७५ टक्के म्हणजे निदान एकदा तरी चुकलेले लोक. याचाच अर्थ जवळपास चौथाई लोक एकदाही हलले नाहीत आणि एकूण उत्तरांपैकी बहुसंख्य उत्तरं बरोबर होती. एक जरी साथीदार खरं बोलला तरी चुकांचं प्रमाण साधारण चौथाईवर घसरतं. गट तिघांचा झाला की दबाव जवळपास पुरा होतो, पुढे माणसं वाढवून फारसा फरक पडत नाही.

मिलग्रॅम: पहिल्या प्रसिद्ध प्रयोगात (१९६३) ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, म्हणजे ६५ टक्के. पण हा "मिलग्रॅमचा आकडा" नाही, एका मांडणीचा आकडा आहे. 'विद्यार्थी' (झटके खाण्याचं नाटक करणारा) त्याच खोलीत असेल तर ४० टक्के. त्याचा हात धरून पट्टीवर दाबायचा असेल तर ३० टक्के. प्रयोगकर्ता फोनवरून सूचना देत असेल तर २० च्या आसपास. शेजारचे दोन 'शिक्षक' (झटके देणाऱ्याच्या भूमिकेतले) आधीच उठून गेले तर १० टक्के. परीक्षेत ६५ एकटा लिहिण्यापेक्षा ही उतरंड लिहा, परिस्थितीचं काम तीच दाखवते.

किटी जेनोवीज (न्यूयॉर्कमध्ये खून झालेली तरुणी): "३८ जण खिडकीतून बघत बसले" हे वाक्य काढून टाका. १९६४ च्या वर्तमानपत्री बातमीतली ती गोष्ट पुढे तपासात टिकली नाही. त्यावरून स्फुरलेला डार्ली-लातानं यांचा १९६८ चा प्रयोग मात्र पक्का आहे. पलीकडे कुणाला तरी आकडी (फिट) आल्याचा आवाज येतो. ऐकणारा एकटाच आहे असं त्याला वाटत असेल तर ८५ टक्के मदतीला उठले, आणखी एक जण ऐकतोय असं वाटलं तर ६२, आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तर ३१.

झिम्बार्डो (१९७१): चोवीस तरुण निवडले, दोन आठवड्यांचा बेत सहा दिवसांत गुंडाळला, इतकं सगळ्यांना माहीत असतं. रक्षकांना कठोर वागण्याच्या सूचना मिळाल्या होत्या, हे ध्वनिमुद्रणं आणि कागदपत्रं धुंडाळल्यावर समोर आलं. त्याला प्रयोग न म्हणता प्रात्यक्षिक म्हणा. नियंत्रित गटही नव्हता. "भूमिकाच माणसाला बदलते" याचा पुरावा म्हणून तो अजिबात वापरू नका.


पाटी_पेन्सिल

प्रात्यक्षिकाबद्दल. मराठी करून चालेल, पण 'करून' या शब्दात बरंच काम आहे.

आधी कुठली प्रश्नावली. नीओ-पीआय-आर २४० विधानांची, विकत घ्यायची, परवान्याची. कुणाकडून झेरॉक्स मिळाली म्हणून वापरू नका. बीएफआयची (बिग फाइव्ह इन्व्हेंटरी) नवी आवृत्ती ६० विधानांची. तुमच्यासाठी 'इंटरनॅशनल पर्सनॅलिटी आयटम पूल'मधली ५० विधानांची सोयीची: स्वामित्वहक्काची अट नाही, भाषांतराला मोकळीक आहे, प्रत्येक घटकाला १० विधानं, प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, म्हणजे घटकाचे गुण १० ते ५०. दहा विधानांच्या चिमुकल्या चाचण्यांच्या मोहात पडू नका. एका घटकाला दोनच विधानं असली की विश्वसनीयता काढण्यात अर्थ उरत नाही.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं, मग एकत्र बसून एक मसुदा ठरवावा, मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने ते परत इंग्रजीत करावं. ही पद्धत सगळे सांगतात. ती काय पकडत नाही, हे कुणी सांगत नाही. "मी पार्टीचे जीवन आहे" हे वाक्य परत इंग्रजीत नेलं तर मूळ वाक्य हुबेहूब मिळतं. परतीची चाचणी पास, आणि मराठी वाचणाऱ्याच्या हाती शून्य. तिथे "चारचौघांत मी असलं की गप्पा रंगतात" अशा वळणाचं काहीतरी हवं. म्हणून शेवटची पायरी: पाच-सहा विद्यार्थ्यांना मसुदा द्या आणि प्रत्येक विधान वाचून "तुला यात काय विचारलंय असं वाटतं?" एवढंच विचारा. अर्ध्या तासात निम्म्या चुका सापडतात.

मराठीत हमखास अडणाऱ्या जागा:

नकार. आपल्याकडे 'नाही' वाक्याच्या शेवटी येतो. "मी अनोळखी लोकांशी फारसं बोलत नाही" हे घाईत वाचणारा 'बोलत'पाशी पोचून खूण करून मोकळा होतो. शिवाय बडबड्या माणसाला त्यावर 'असहमत' म्हणायचं असतं, म्हणजे नकाराचा नकार. "अनोळखी लोकांत माझं बोलणं मोजकंच असतं" असं करा, नकार गेला आणि अर्थ तोच राहिला. पर्यायही 'सहमत-असहमत' असे देण्यापेक्षा 'मला अजिबात लागू नाही' पासून 'मला तंतोतंत लागू' असे द्या. मूळ प्रश्नावलीची घडणही तशीच आहे.

लिंग. "मी विसरतो/विसरते, ठेवतो/ठेवते" पन्नास वेळा वाचताना माणूस कंटाळतो. "माझ्या हातून", "मला", "माझं" अशा वळणाने बहुतेक विधानं लिंगनिरपेक्ष होतात.

संदर्भ. "वस्तू जागच्या जागी ठेवायला विसरणं" हे कर्तव्यदक्षतेचं उलटं विधान आहे, म्हणजे ते जितकं लागू तितकी कर्तव्यदक्षता कमी. ज्याच्या घरी वस्तू उचलून ठेवणारं दुसरं कुणी आहे, तो स्वतःबद्दल काय सांगणार? आणि "शब्दसंपत्ती समृद्ध आहे" हे विधान मराठी माध्यमातला मुलगा इंग्रजीच्या धास्तीने वाचतो आणि २ वर खूण करतो. तिथे "माझी मराठी शब्दसंपत्ती" असं स्पष्ट लिहा, आणि हा बदल अहवालात नोंदवा.

घटकांची नावं. फॉर्मवर ती छापूच नका. अहवालात लिहिताना कर्तव्यदक्षतेला 'सदसद्विवेक' म्हणू नका. तो नीतीचा शब्द झाला. हा घटक नीटनेटकेपणा, पूर्वतयारी, हातातलं काम तडीस नेणं, यांचा आहे.

आता गुणांकन, जिथे सर्वांत जास्त अहवाल बुडतात. या ५० विधानांपैकी २४ उलटी आहेत. उलट्या विधानाचे गुण = ६ − दिलेलं उत्तर. बहिर्मुखतेत ५ सरळ, ५ उलटी. सौजन्य आणि कर्तव्यदक्षता या दोन्हींत प्रत्येकी ४ उलटी, बौद्धिक खुलेपणात ३. खरा सापळा चौथ्या घटकात: इथे तो 'भावनिक अस्थिरता' नसून 'भावनिक स्थैर्य' आहे, त्यामुळे १० पैकी ८ विधानं उलटी. "लगेच ताण येतो" या विधानाला जो ५ देतो त्याला १ मिळायला हवा. दिशा चुकली की तुमचा अख्खा निष्कर्ष डोक्यावर उभा राहतो, आणि आकडे तरीही छान दिसतात.

तपासायचं कसं? उलटं केल्यावर प्रत्येक घटकाचा क्रॉनबाख अल्फा (एका घटकाची विधानं आपसांत किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढा. तो ऋण आला किंवा शून्याला टेकला तर काहीतरी उलटायचं राहिलंय. 

आणि उलटण्याच्या आधी, लक्षात घ्या, आधी, सगळीकडे एकच खूण केलेले फॉर्म बाजूला काढा. पन्नासच्या पन्नास विधानांवर ४ ची खूण करणाऱ्याचे बहिर्मुखतेचे गुण किती होतील? पाच सरळ विधानांचे २०, पाच उलट्यांचे १०, एकूण ३०. म्हणजे बरोबर मधोमध. न वाचता भरलेला फॉर्म तुमच्या तक्त्यात 'समतोल माणूस' बनून बसतो.


कोरी_वही

एवढं कुणी शिकवलं नव्हतं, मनापासून आभार. दोन शंका उरल्यात.

१) ६० जण पुरतील का?
२) 'मूलभूत आरोपण त्रुटी' (दुसऱ्याच्या वागण्याचं खापर स्वभावावर फोडणं) जगभर सारखी असते असं नोट्समध्ये आहे. आणि केली यांचं सहविचरण प्रारूप (कुणाच्या वागण्याचं कारण कशात शोधायचं ते सांगणारं) पाठ आहे, पण वापरायला घेतलं की गोंधळ होतो.


सरासरीवाला

६० बद्दल थोडक्यात. ६० जणांत सहसंबंध ०.३० आला, तर त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असावा तो पट्टा) ०.०५ ते ०.५२ असा पसरट येतो. म्हणजे "जवळजवळ काहीच नाही" पासून "भरपूर" पर्यंत काहीही. ०.३० चा खरा संबंध ८० टक्के खात्रीने पकडायला साधारण ८५ माणसं लागतात, ०.२० साठी १९० च्या वर. ६० वर प्रात्यक्षिक करा, पण निष्कर्षात एकटा आकडा न देता अंतराल द्या, आणि "संबंध नाही असे सिद्ध झाले" हे वाक्य लिहू नका.

माणसं वाढवता येत नसतील तर दिवस वाढवा. तुमची एक सोमवारची हजेरी हीच या सगळ्या बेतातली सर्वांत कच्ची वीट आहे.


मधली_ओळ

आरोपणाबद्दल लिहितो.

केली (१९६७) तीन प्रश्न विचारतात. गोंधळ होतो कारण सगळे नावं पाठ करतात आणि प्रश्न विसरतात. उदाहरण घ्या: वर्गातला एक मुलगा आकडेशास्त्राच्या तासाला झोपला.

एकवाक्यता: बाकीचेही याच तासाला झोपतात का?
वेगळेपण: हा फक्त याच तासाला झोपतो का?
सातत्य: दर वेळी झोपतो का?

सुरुवात तिसऱ्यापासून करा. सातत्य नसेल, आजच झोपला असेल, तर कारण आजच्या परिस्थितीत आहे. रात्री घरी लग्न असेल, ताप असेल. तिथेच थांबा. सातत्य असेल तरच पुढे जा. बाकी कुणी झोपत नाही आणि हा सगळ्याच तासांना झोपतो: कारण मुलात. सगळेच झोपतात आणि हाही फक्त याच तासाला झोपतो: कारण तासात, म्हणजे शिकवण्यात. बाकी कुणी झोपत नाही, हा फक्त इथेच आणि दर वेळी झोपतो: कारण या मुलाच्या आणि या तासाच्या जोडीत. परीक्षेत वेगळेपणाची दिशा हमखास उलटी लिहिली जाते. 'वेगळेपण जास्त' म्हणजे मुलगा वेगळा नव्हे, त्याची प्रतिक्रिया या एका गोष्टीपुरती वेगळी.

पण हे प्रारूप 'नीट विचार केला तर' कसा करावा याचं आहे. लोक प्रत्यक्षात परिस्थिती पुरेशी हिशेबात घेत नाहीत. जोन्स आणि हॅरिस (१९६७) यांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले आणि लिहिणाऱ्याचं खरं मत किती अनुकूल असेल ते १० ते ७० या मापावर विचारलं. लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडली असं सांगितलं तेव्हा अनुकूल निबंधाला सुमारे ६०, प्रतिकूलला १७. हे अपेक्षितच. बाजू नेमून दिली होती, निवडीला वावच नव्हता, असं स्पष्ट सांगितलं तेव्हाही ४४ आणि २३. फरक आटला, पण संपला नाही. उत्तरात हा आटलेला-पण-न-संपलेला फरक लिहा. "लोक परिस्थिती बघतच नाहीत" असं लिहू नका, ते बघतात, पण पुरेसं वजन देत नाहीत. 'मूलभूत' हे विशेषण रॉस यांनी १९७७ मध्ये लावलं.

आणि 'जगभर सारखी' हे खोडा. जोन मिलर यांचा १९८४ चा अभ्यास अमेरिकेतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांवर आहे. ओळखीच्या माणसाच्या चांगल्या-वाईट वागण्याची कारणं विचारली. आठ वर्षांच्या मुलांत दोन्हीकडे फारसा फरक नाही. वय वाढतं तसं अमेरिकन उत्तरांत स्वभावाचं प्रमाण वाढत जातं आणि म्हैसूरच्या उत्तरांत नात्याचं, प्रसंगाचं. म्हणजे ही सवय जन्मजात धरण्यापेक्षा शिकलेली धरणं जास्त बरोबर. "त्या वेळी त्याची परिस्थिती तशी होती" हे वाक्य मराठी घरात किती सहज येतं ते आठवा.

याच्याच जोडीला शिकवतात तो कर्ता-निरीक्षक फरक ("माझं चुकलं तर परिस्थिती, तुझं चुकलं तर स्वभाव") मात्र हात राखून लिहा. मॅले यांनी २००६ मध्ये १७३ अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. थोडाफार उरतो तो वाईट घटनांच्या बाबतीत, आणि चांगल्या घटनांत तो उलटा होतो.

अवांतर: फेस्टिंगर यांच्या बोधात्मक विसंवादाचा (मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की होणाऱ्या अस्वस्थतेचा सिद्धांत) उगम तुमच्या उत्तरात एका ओळीत येऊ द्या. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर, जिथे धक्का जाणवला पण नुकसान झालं नाही त्या भागात "याहून मोठं संकट येणार" अशा अफवा पसरल्या. जमुना प्रसाद यांनी त्या नोंदवल्या होत्या. लोक आधीच घाबरलेले असताना आणखी घाबरवणारी अफवा का धरून ठेवतील? फेस्टिंगर यांचं उत्तर: भीती तर आहे, पण तिला साजेसं कारण समोर नाही, ते कारण अफवा पुरवते. १९५७ चा सिद्धांत या कोड्यापासून सुरू झाला. आपल्याकडच्या नोट्समध्ये एक डॉलर-वीस डॉलर असतो आणि बिहार नसतो, याचं नवल वाटतं.


चहा_कटिंग

मधली_ओळ, चांगलं लिहिलंत, पण 'कारण मुलात' म्हटलं की लोक लगेच गुणविशेषावर उडी मारतात, म्हणून एक जोड.

'किती चिडतो' आणि 'कशावर चिडतो' हे दोन वेगळे प्रश्न. शोडा, मिशेल आणि राइट यांनी (१९९४) उन्हाळी शिबिरातल्या मुलांचं आठवडेच्या आठवडे निरीक्षण केलं. दोन मुलं एकूण सारखीच आक्रमक, पण एक बरोबरीच्या मुलांनी चिडवलं की उसळतो, दुसरा मोठ्यांनी दटावलं की. आणि ज्याचं जे चित्र, ते बऱ्यापैकी टिकून राहतं. घरात वाघ आणि बाहेर शेळी असणारा माणूस विसंगत वागत नाही, 'घरात' आणि 'बाहेर' हा त्याच्या स्वभावाचाच भाग आहे. गुणविशेषांवर टीका करणारे मिशेल पुढे इथे येऊन पोचले, हे सांगितल्याशिवाय त्यांचं १९६८ एकटं लिहिणं अन्यायाचं आहे.

मिलग्रॅमच्या खुर्चीतही माणसं एकसारखी नव्हती. एल्म्स आणि मिलग्रॅम यांनी १९६६ मध्ये आज्ञाधारक आणि नकार देणारे यांची तुलना केली, तेव्हा आज्ञाधारकांत अधिकारशाहीवृत्ती जास्त आढळली. फ्रान्समध्ये टीव्हीच्या बनावट खेळात हाच प्रयोग केला, तेव्हा (२०१५ चा लेख) जास्त झटके देणाऱ्यांत कर्तव्यदक्षता आणि सौजन्य जास्त निघालं. दुष्ट माणसं नव्हेत, सांगितलेलं नीट करणारी माणसं.

आणि गर्दीबद्दल. २०१९ मध्ये लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाउनमधल्या रस्त्यांवरची २१९ भांडणं सीसीटीव्हीवर पाहिली, तर दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं. डार्ली-लातानं खोटे ठरले का? तसं म्हणता येत नाही. ते 'एका माणसाची' शक्यता मोजतात, इथे 'निदान एकाची' मोजली आहे. गर्दीत प्रत्येकाची शक्यता घटली तरी माणसं जास्त असल्याने कुणीतरी उठण्याची शक्यता वाढू शकते. अर्थात, प्रयोगशाळेतली आकडी आणि रस्त्यावरची उघड मारामारी यांतही फरक आहेच. मारामारीत संकट आहे की नाही याबद्दल शंका राहत नाही.


कोरी_वही

मग 'वेळेवर येणं' सोडून देऊ का? दुसरं काय घेता येईल?


पाटी_पेन्सिल

सोडू नका, दुरुस्त करा. निदान १० दिवसांच्या नोंदी, शक्य असेल तर १५. 'आला/नाही आला' याऐवजी मिनिटं लिहा: तास सुरू व्हायच्या आधी ४ मिनिटं असेल तर −४, नंतर ७ असेल तर +७. होय-नाहीमध्ये एक मिनिट उशीर आणि पंचवीस मिनिटं उशीर एकाच खणात पडतात. नोंद करणाऱ्याला कुणाचे गुण किती हे माहीत नसावं.

दोन गोष्टी पाहून तास निवडा. ज्या सरांच्या तासाला वेळेनंतर दार बंद होतं तिथे सगळेच वेळेवर येतात. फरकच उरला नाही तर सहसंबंध कशाशी काढणार? याला सशक्त परिस्थिती म्हणतात, गुणविशेष तिथे दिसत नाहीत. दुसरं टोक म्हणजे ज्या दिवशी मध्य रेल्वेची गाडी रखडते. कल्याणहून येणारी सगळ्यात शिस्तीची मुलगी त्या दिवशी उशिरा पोचते आणि समोरच्या हॉस्टेलमधला आळशी वेळेवर. असे दिवस गाळायचे की ठेवायचे हे आधी लिहून ठेवा, निकाल बघून ठरवू नका. घरापासूनचं अंतर मिनिटांत विचारा आणि त्याचा परिणाम वजा करून सहसंबंध पुन्हा काढा.

याहून बरं वर्तन हवं असेल तर जर्नल जमा करायची तारीख घ्या. तीन आठवडे मुदत, मध्ये कुणी आठवण करून देणार नाही, आणि मुदतीच्या किती दिवस आधी जमा झालं ते मोजा. ढिली परिस्थिती आहे, माणसागणिक फरक भरपूर पडतो, आणि रेल्वेचा संबंध नाही. अडचण एकच: हीसुद्धा एकच कृती. म्हणून सत्रातल्या चार-पाच जर्नलांची सरासरी घ्या. ती मिळत नसेल तर मिनिटांच्याच नोंदी बऱ्या.

फॉर्मवर नाव आणि हजेरी क्रमांक नको. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक द्या, जोडणीची यादी मार्गदर्शकांकडे राहू दे आणि विश्लेषण झाल्यावर ती नष्ट करा. आपल्या हजेरीची नोंद होणार आहे हे संमतीपत्रात आधी सांगावं लागेल. सांगितल्यावर पहिले दोन-तीन दिवस सगळे वेळेवर येतील. ते दिवस सरावाचे धरून मोजणीतून वगळा, आणि वगळले असं अहवालात लिहा.